बोअरिंग मशीन आधी की फायली आधी?

ठाण्यात राहणाऱ्या आणि रबाळे एमआयडीसीत कुटुंबाचा कारखाना सांभाळणाऱ्या एका वाचक महिलेचे पत्र आले आहे. वडिलांनी वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात दोन लेथवर सुरू केलेला हा धंदा आज पस्तीसेक माणसांचा आहे. व्हॉल्व्हचे भाग, फ्लँज, पंपांची कव्हरे असे मशिनिंगचे काम तेथे होते आणि त्यातले बरेचसे मोठ्या कंत्राटदारांमार्फत समुद्रातल्या बॉम्बे हाय (आजचे मुंबई हाय) या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर जाते. थोरले बंधू उत्पादन पाहतात. पत्रलेखिका मेकॅनिकल इंजिनिअर असून, त्यांच्याच शब्दांत, "हिशेब आणि सर्टिफिकेटांचे कागद तेवढे" बघतात. खोल समुद्रातील तेलविहिरींसाठी उपकरणे बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या खरेदी विभागाने, पुरवठादार म्हणून मान्यता घ्याल का, अशी त्यांच्याकडे विचारणा केली आहे. भावाच्या मते त्यासाठी मोठे हॉरिझॉन्टल बोअरिंग मशीन, निकेल मिश्रधातूचा थर चढवणारे वेल्डिंग यंत्र आणि सीएमएम (मापे अचूक मोजणारे यंत्र) घ्यावे लागेल आणि खर्च सुमारे सहा कोटी येईल. कर्जासाठी रबाळ्याचा प्लॉट आणि आईवडील राहतात तो पाचपाखाडीचा फ्लॅट तारण ठेवायची त्यांची तयारी आहे. वडील म्हणतात, "बॉम्बे हायच्या कामावर आपण उभे राहिलो, आता आणखी खोल पाण्याला काय घाबरायचे?" पतीचे म्हणणे, तेलाचे दिवस भरत आले आहेत, त्यात आता पैसा अडकवू नये. या तिघांत आपण कोणाची बाजू घ्यावी, असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तिघांची तीन मते आहेत आणि तुमचे एकही नाही, हे पहिल्या वाचनातच जाणवले. तिघेही ज्या प्रश्नावरून वाद घालत आहेत तो "सहा कोटी घालायचे की नाही" असा आहे, आणि माझ्या मते तो प्रश्न निदान वर्षभर तरी तुमच्यापुढे यायलाच नको. तो इतक्या लवकर का येऊन बसला, हे समजण्यासाठी प्रत्येकाने काय गृहीत धरले आहे ते आधी पाहू.

वडिलांचा अभिमान रास्त आहे, पण मुंबई हायचे काम आणि हे काम एकाच जातीचे आहे असे मानणे मात्र बरोबर नाही. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायच्या क्षेत्रात पाणी जेमतेम ७५ ते ८० मीटर खोल आहे. तेथे विहिरीच्या तोंडावरचा झडपांचा संच, ज्याला या धंद्यात ख्रिसमस ट्री म्हणतात, तो प्लॅटफॉर्मवर माणसाच्या हाताशी असतो. एखादी जोडणी पाझरू लागली तर विहीर बंद करून फिटर पाना घेऊन तिथपर्यंत जाऊ शकतो. आंध्रच्या किनाऱ्यापलीकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील आर-क्लस्टर हे क्षेत्र, जिथून डिसेंबर २०२० मध्ये वायू निघू लागला, ते सुमारे २,००० मीटर पाण्याखाली आहे. दर दहा मीटरला एक वातावरण या हिशेबाने तेथे बाहेरचा दाब दोनशे वातावरणांच्या आसपास जातो, तळाचे पाणी अवघे काही अंश सेल्सिअस इतके गार असते आणि पाणबुड्या (डायव्हर) तेथे उतरू शकत नाही. झडप फिरवायची असली तरी जहाजावरून चालवलेला यंत्रमानव, म्हणजे आरओव्ही, पाठवावा लागतो. त्या तळावर बसवलेली ट्री, मॅनिफोल्ड (अनेक विहिरींचे प्रवाह एकत्र आणणारा नळांचा संच) आणि त्यांच्या जोडण्या वीस-पंचवीस वर्षे हात न लावता चालाव्यात अशी अपेक्षा असते. काही हजारांचे एक सील खराब निघाले, तर ते बदलण्यासाठी लागणाऱ्या जहाजाचे भाडेच तुमच्या कारखान्याच्या वर्षाच्या उलाढालीला भारी पडेल.

म्हणून या कंपन्या पुरवठादाराकडून नुसता मापात बसणारा भाग घेत नाहीत. तो भाग कोणत्या वितळणीच्या पोलादाचा आहे, कोणत्या भट्टीत किती तापमानाला किती वेळ होता, कोणी कापला, कोणी मोजला आणि मोजणाऱ्या उपकरणाची तपासणी कधी झाली होती, याची सलग साखळी त्यांना हवी असते. विहिरीच्या तोंडावरच्या उपकरणांसाठी एपीआय ६ए आणि समुद्रतळावरच्यांसाठी एपीआय १७डी ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची मानके आहेत. त्यांत पीएसएल म्हणजे गुणवत्तेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि पायरी चढत जाते तशा तपासण्या आणि नोंदी वाढत जातात. गंधकयुक्त वायूच्या संपर्कात येणाऱ्या बहुतेक कार्बन आणि लो-अलॉय पोलादाच्या भागांना नेस एमआर०१७५ या मानकाने २२ एचआरसी ही कठीणपणाची कमाल मर्यादा घातली आहे. १०,००० पीएसआय दाबासाठीच्या बॉडीची चाचणी १५,००० पीएसआयला होते. हे आकडे दादांना ठाऊक असतीलच. पण अशा कामात पुरवठादार नापास होतो तो बहुधा या आकड्यांवर होत नाही, हे पुरवठादारांच्या तपासण्यांत बरीच वर्षे काढल्यावर मी खात्रीने सांगू शकतो.

तो कुठे होतो, हे तुमच्याच शॉपमध्ये बघा. गोल बार येतो तेव्हा त्याच्या एका टोकाला हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या वितळणीचा क्रमांक, ठोकलेला असतो. बँडसॉवरचा माणूस सवयीने त्याच टोकाकडून पहिला तुकडा कापतो; नंबर त्या तुकड्याबरोबर जातो आणि उरलेला बार बेवारस होतो. नेहमीच्या कामात कोणीतरी खडूने नंबर लिहून ठेवतो आणि भागते. या कामात मात्र कापण्यापूर्वी तो नंबर उरणाऱ्या भागावर गोल टोकाच्या, धातूवर कमीत कमी ताण आणणाऱ्या पंचने उतरवावा लागतो, दुसऱ्या माणसाने तो पडताळावा लागतो आणि दोघांच्या सह्या त्या वेळीच घ्याव्या लागतात. दुसरी जागा म्हणजे रूट कार्ड, भागाबरोबर फिरणारी त्याच्या ऑपरेशन्सची नोंदपत्रिका. अनुभवी निरीक्षक कार्डावरची मापे नंतर वाचतो, आधी शाई बघतो. सात ऑपरेशन्स, तीन पाळ्या, चार ऑपरेटर आणि सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात असतील, तर कार्ड शेवटी बसून भरले आहे हे त्याला सांगावे लागत नाही. मग तो ऑपरेटरला बोलावून एखादे माप का बदलले असे सहज विचारतो आणि उत्तर येत नाही.

हा केवळ कागदी सोवळेपणा नाही. २०१२ च्या अखेरीस मेक्सिकोच्या आखातात एका ड्रिलिंग जहाजाच्या समुद्रतळाकडील कनेक्टरचे बोल्ट तुटले आणि ड्रिलिंगचा द्रव समुद्रात सांडला. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ सेफ्टी अँड एन्व्हायर्नमेंटल एन्फोर्समेंट या यंत्रणेने चौकशी केली, तेव्हा बोल्टांना हायड्रोजनमुळे तडे गेल्याचे दिसले. जस्ताचे प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि तो बाहेर काढण्यासाठी प्लेटिंगनंतर बोल्ट काही तास भट्टीत तापवावे लागतात. ते झालेच नव्हते. काम साखळीच्या खालच्या टोकाच्या उपपुरवठादाराने केले होते, आणि त्याने प्लेटिंगच्या मानकाची १९९८ सालची जुनी आवृत्ती वापरली होती, जिच्यात ही अट त्या बोल्टांना लागू होत नव्हती. त्या एका चुकीपायी जगभरातले तसले बोल्ट परत मागवावे लागले. आता तुमचे प्लेटिंग पवणे एमआयडीसीत कोणाकडे जाते, हीट ट्रीटमेंट कोण करतो आणि त्यांच्याकडे मानकाची कोणती आवृत्ती आहे, हे तुम्ही शेवटचे कधी विचारले होते? बोल्ट तुटेल तेव्हा कंपनी प्लेटिंगवाल्याकडे जाणार नाही, तुमच्याकडे येईल.

एवढे वाचल्यावर "कागद तेवढे बघते" हे वाक्य तुम्हीच पुन्हा वाचा. हा ग्राहक तुमच्याकडून ज्या गोष्टीचे जास्तीचे पैसे देणार आहे ती तुमच्या टेबलावर तयार होते, आणि घरात ज्या तीन माणसांच्या मतांचे वजन केले जात आहे त्यांपैकी कोणीही ते टेबल सांभाळलेले नाही. तेव्हा कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न सोडा. तुमच्या खात्याच्या वतीने एक स्पष्ट मत मांडणे, ही तुमची जबाबदारी आहे.

आता दादांकडे वळू. मान्यता मिळाली की काम मिळेल, असे त्यांनी धरले आहे. खरेदी विभागातल्या माणसाने "एकदा अप्रूव्हल झाले की कामाला तोटा नाही" असे सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. हे वाक्य तो प्रत्येक पुरवठादाराला सांगतो आणि त्यात तो खोटेही बोलत नसतो, कारण त्याच्या हाती तेवढेच असते. मान्यताप्राप्त यादीत नाव येणे म्हणजे दर मागवणारे पत्र येण्याचा हक्क मिळणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. शिवाय या धंद्यात ग्राहक मोजकेच आहेत. २०१६ मध्ये श्लुम्बर्जेने कॅमेरॉन घेतली, २०१७ मध्ये टेक्निप आणि एफएमसी एकत्र आल्या, त्याच वर्षी जीईचा तेल-वायू विभाग आणि बेकर ह्यूज एक झाले. ट्री आणि मॅनिफोल्डची संपूर्ण प्रणाली देणारे आता जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील. इतके थोडे खरेदीदार असले की भाव तेच ठरवतात.

सहा कोटींचे गणित कागदावर मांडा. समजा, दहा टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे दहा लाख येतो आणि तो पहिली ऑर्डर येण्याच्या आधीपासून सुरू होतो. (बँकेने सुरुवातीचे काही महिने सूट दिली तरी व्याज चालूच राहते.) मान्यतेची तपासणी, नमुना भाग, त्याची चाचणी आणि मग नियमित ऑर्डर, यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते. आता या सात वर्षांत तेलाचा भाव काय करील? जून २०१४ मध्ये पिंपाला ११० डॉलरच्या वर असलेले ब्रेंट, म्हणजे जागतिक भावाचे माप मानले जाणारे कच्चे तेल, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली गेले होते आणि त्या काळात खोल समुद्रातले प्रकल्प सर्वांत आधी पुढे ढकलले गेले, कारण त्यांत पैसा आधी आणि प्रचंड घालावा लागतो. २०२० मध्ये भाव पुन्हा कोसळले. हप्त्याच्या सात वर्षांत असा एखादा खड्डा येणारच, असे धरूनच कर्ज बेतावे. निकेलचेही तेच. थरासाठी लागणाऱ्या इन्कोनेल ६२५ या मिश्रधातूत निम्म्याहून अधिक निकेल असते. मार्च २०२२ मध्ये निकेलचा भाव काही तासांत टनाला एक लाख डॉलरच्या पलीकडे उसळल्यामुळे लंडन मेटल एक्स्चेंजला व्यवहारच थांबवावे लागले. स्थिर दराचा करार करून बसलेल्या छोट्या पुरवठादाराचे अशा आठवड्यात काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

तुमच्या पतींची सावधगिरी पटते, कारण मात्र पटत नाही. तेल उद्या संपणार नाही आणि खोल समुद्र त्याहून नाही. ओएनजीसीच्या ९८/२ या कृष्णा-गोदावरीतील क्षेत्रातून पहिले तेल जानेवारी २०२४ मध्येच निघाले. गयानात २०१५ साली सापडलेल्या साठ्यातून डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि तेथे एकामागून एक टप्पे येत राहिले. ब्राझीलचे काम चालूच आहे. मात्र भारतातली कामे लागून येत नाहीत. आर-क्लस्टर ज्यात येते त्या कृष्णा-गोदावरीतील केजी-डी६ मधून पहिला वायू २००९ मध्ये आला आणि त्याच भागातले पुढचे मोठे टप्पे २०२० च्या अखेरीपासून. धोका धंदा कायमचा बुडण्याचा नाही, मध्येच दोन-तीन वर्षे आटण्याचा आहे, आणि त्या काळात तग धरण्याची सोय हवी. ती सोय म्हणजे तुमचे आजचे ग्राहक. पंपवाल्यांची आणि व्हॉल्व्हवाल्यांची कामे नव्याच्या नादात मागे पडू देऊ नका. कोणताही एक ग्राहक उलाढालीच्या एक-तृतीयांशाच्या वर जाऊ नये, ही मर्यादा मी माझ्या परीने सर्वांनाच सुचवतो.

तेव्हा नकार द्यायचा नाही आणि उडीही घ्यायची नाही. मधला रस्ता आहे आणि तो बराच लांब आहे.

कंपनीला कळवा की पहिल्या टप्प्यात आम्ही फक्त मशिनिंग करू आणि फोर्जिंग, म्हणजे घडवलेला कच्चा भाग, तुम्ही द्या. थर चढवण्याचे काम कंपनीने आधीच मान्य केलेल्या शॉपकडून करून घ्यायची तयारी दाखवा. ते यंत्र आज घेण्याला माझा सर्वांत जास्त विरोध आहे, कारण यंत्राबरोबर वेल्डिंगची पद्धत सिद्ध करणे येते: नमुना तुकडे, त्यांचे छेद, चढवलेल्या थरात खालच्या पोलादातले लोखंड किती मिसळले याची तपासणी (मानकात त्यासाठी ५ आणि १० टक्के अशा दोन मर्यादा आहेत), वेल्डरची पात्रता. हे सगळे प्रत्येक मूळ धातूसाठी करावे लागते. ज्या शॉपने यात वर्षे घातली आहेत त्यांना तो नफा खुशाल घेऊ द्या. सुरुवातीला दाब न पेलणारे भाग मागा: उचलण्याची साधने, संरक्षक टोप्या, आरओव्ही पॅनेलचे भाग, चाचणीची फ्लँज. यात पैसा कमी मिळतो, पण नोंदींची शिस्त तीच लागते आणि चूक झाली तरी ती पचते.

कंपनीने दिलेल्या मालात एक फास असतो, तो करार करण्यापूर्वी नीट बघा. महिनोन् महिने वाट पाहून आलेले, थर चढवलेले फोर्जिंग शेवटच्या बोअरला (आतले भोक कोरताना) बाद झाले, तर त्याची किंमत कोणी भरायची? मशिनिंगचे दोन लाख मिळणार असलेल्या भागाचे पंचवीस लाख भरून देण्याचे कलम पुरवठादाराने न वाचता मान्य केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. भरपाईची कमाल मर्यादा लेखी ठरवून घ्या आणि तुमच्या विमा पॉलिसीत दुसऱ्याच्या ताब्यात घेतलेल्या मालाचा समावेश आहे का, हे एजंटला न विचारता पॉलिसीतच वाचा.

खरेदी विभागाला मेलवर, म्हणजे उत्तर लेखीच येईल अशा बेताने, विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. आम्हाला देऊ पाहता त्या प्रकारचे भाग मागच्या तीन वर्षांत दरवर्षी किती घेतले? याच भागांसाठी आणखी किती पुरवठादार मान्य आहेत? पहिल्या नमुन्याचा आणि बाहेरच्या निरीक्षकाचा खर्च कोणाचा? पैसे बिलाच्या तारखेपासून मोजून मिळणार की त्यांच्या गोदामात माल स्वीकारल्यापासून? तिसऱ्या प्रश्नावर कुरकुर होईल, ती होऊ द्या. पहिल्याचे उत्तरच आले नाही, तर तेही उत्तरच आहे.

पैशांच्या मुदतीविषयी थोडे अधिक, कारण अशी पत्रे लिहिणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. ऑर्डर त्या कंपनीच्या भारतातल्या शाखेने काढली आणि तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात असली, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिले तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. मोजक्या ग्राहकांच्या धंद्यात हा हक्क भांडून वसूल करणे अवघड आहे हे मी जाणतो, म्हणून ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिले वटवण्याची (मुदतीआधी पैसे घेण्याची) सोय कंपनी देते का ते आधीच विचारा. ऑर्डर थेट परदेशातून आली तर हा कायदा कामाचा नाही. तेव्हा ईसीजीसी या निर्यात-पतविमा देणाऱ्या सरकारी कंपनीचे विमा संरक्षण घ्या आणि त्याचा हप्ता दरात धरा. काही झाले तरी ऑर्डर कोणत्या संस्थेच्या नावाने निघणार हे दर देण्यापूर्वी कळले पाहिजे, कारण त्यावर तुमचे खेळते भांडवल ठरते.

घरी हे मांडताना दादांच्या यंत्राला नकार देऊन सुरुवात करू नका. बोअरिंग मशीनची त्यांची हौस पोकळ नाही, ते कधीतरी लागेलच. त्यांना सहा महिने मागा. या सहा महिन्यांत शॉपमधला एकच चालू जॉब निवडा, तो पीएसएल ३ चा आहे असे समजून कच्च्या मालापासून पॅकिंगपर्यंत चालवा आणि फाईल तयार झाली की बाहेरच्या एखाद्या निवृत्त निरीक्षकाला पैसे देऊन तिच्यातल्या चुका काढायला सांगा. ऑपरेटरने रूट कार्ड मशीनपाशी उभे राहून भरायचे, यासाठी दादांचा हुकूम लागेल. तुमच्या सांगण्याने ते होणार नाही आणि त्यांनी मनावर घेतले तर आठवड्यात होईल. तेव्हा पहिल्या दिवसापासून हा प्रयोग दोघांच्या नावाने चालवा. फाईल टिकली आणि हातात पहिल्या वर्षाची लेखी ऑर्डर आली, की यंत्रासाठी बँकेत जा, आणि तेव्हाही एकाच यंत्रासाठी. सीएमएमवरची मोजणी तोपर्यंत बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घेता येईल.

तारणाबद्दल माझे मत साधे आहे. रबाळ्याचा प्लॉट धंद्याचा आहे, तो धंद्यासाठी गुंतवायला हरकत नाही. तो भाडेपट्ट्याचा असल्यामुळे गहाण ठेवण्यापूर्वी एमआयडीसीची संमती लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून अर्जाची चौकशी आताच करून ठेवा. पाचपाखाडीचा फ्लॅट मात्र या हिशेबात आणू नका. यंत्र स्वतःच तारण असते, एक यंत्र घ्यायचे असेल तर प्लॉट आणि यंत्र मिळून पुरायला हवे. बँक तरीही फ्लॅट मागत असेल, तर ते कर्ज तुमच्या धंद्याच्या मानाने मोठे झाले आहे असे समजून रक्कम कमी करा.

वागळेत किंवा तळोज्यात आठ-दहा माणसांचे शॉप असलेल्या वाचकांनीही मला असेच विचारले आहे. त्यांनी थेट मान्यतेच्या मागे लागू नये. ज्यांच्याकडे ती आधीच आहे अशा मोठ्या शॉपचे काम जॉबवर्कवर घ्यावे, पण त्यांच्याकडून ड्रॉइंगबरोबर लागू मानकांची आवृत्तीसह यादी लेखी मागून घ्यावी आणि स्वतःच्या प्लेटिंगवाल्याला तीच यादी मालाच्या चलनाबरोबर द्यावी.